स्तेफान स्तांबोलोव : सोडवणाऱ्यालाच 'आता घरी जा' म्हणणारा माणूस

बाल्कनवाट (धागाकर्ता)

सोफियात कामानिमित्त तीन वर्षं काढली. घरून ऑफिसला चालत जायचो, वाटेत क्रिस्टल नावाची छोटीशी बाग लागायची. तिथे एक भलंमोठं डोकं आहे. धड नाही, घोडा नाही, तलवार नाही. नुसतं डोकं, आणि त्यावर खोल घाव. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाऊस पडत होता आणि त्या चिरेतून पाणी ओघळत होतं. मी छत्री धरून तिथेच उभा राहिलो. पुतळ्यात माणसाला त्याच्या ऐन वैभवात दाखवतात, इथे मरताना का दाखवलंय, हे मला कळेना. ऑफिसात विचारलं तर दोन सहकाऱ्यांचं तिथल्या तिथे भांडण जुंपलं. एक म्हणाला, आमचं राज्य याने उभं केलं. दुसरी म्हणाली, आमच्या माणसांना याने फासावर दिलं. एकशे वीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावरून हातातली कॉफी गार होईपर्यंत भांडणारे लोक बघितले आणि मी त्याच्याबद्दल वाचायला लागलो.

स्तेफान स्तांबोलोव. जन्म १८५४, व्हेलिको तिर्नोवो. बल्गेरिया तेव्हा तुर्कांच्या उस्मानी साम्राज्यात होता. वडील सराई चालवायचे. पोराला आधी शिंप्याच्या हाताखाली घातलं होतं, पण तो शिकायला ओडेसाच्या सेमिनरीत गेला. तिथे पाद्री होण्याऐवजी रशियन क्रांतिकारक तरुणांच्या संगतीला लागला आणि सेमिनरीतून काढून टाकला गेला. हे मुद्दाम सांगतोय. पुढे ज्या रशियाशी त्याने उभा दावा मांडला, त्या रशियाची भाषा, पुस्तकं, माणसं त्याला आतून माहीत होती.

१८७३ च्या फेब्रुवारीत वासिल लेव्हस्कीला सोफियात फाशी झाली. गावोगावी गुप्त समित्या बांधणारा तो माणूस गेल्यावर चळवळ पोरकी झाली, आणि ती पुन्हा जोडायला जे पुढे आले त्यांत हा विशीतला स्तांबोलोव होता. १८७५ मध्ये स्तारा झागोरा इथल्या उठावाचं नेतृत्व त्याच्याकडे आलं. मोजकीच माणसं जमली, उठाव बसला. त्याच वर्षी बुखारेस्टमध्ये हृस्तो बोतेव आणि स्तांबोलोव यांच्या कवितांचं एकत्र पुस्तक निघालं. बोतेव आज तिथला सर्वांत लाडका कवी आहे. स्तांबोलोवचं एक गीत तरुण गात असत: धनदौलत नको, स्वातंत्र्य हवं, माणसाचे हक्क हवेत, असं म्हणणारं. हे गीत लक्षात ठेवा.

१८७६ चा एप्रिल उठाव रक्तात बुडवला गेला. बाताक गावातल्या कत्तलीच्या बातम्या इंग्लंडपर्यंत पोचल्या, ग्लॅडस्टनने त्यावर पुस्तिका लिहिली. बोतेव त्याच वर्षी लढताना गेला. मग १८७७-७८ चं रशिया-तुर्की युद्ध. रशियन सैन्याने तुर्कांना हटवलं. मार्च १८७८ च्या सान स्तेफानोच्या तहात मोठा बल्गेरिया मिळाला, आणि चारच महिन्यांत बर्लिनमध्ये बसून बड्या सत्तांनी त्याचे तुकडे केले. उत्तरेला बल्गेरियाचं मांडलिक संस्थान, दक्षिणेला पूर्व रुमेलिया हा अर्धस्वायत्त प्रांत, आणि मॅसेडोनिया सुलतानाला परत. पुढच्या साठ-सत्तर वर्षांच्या बल्गेरियन राजकारणातली ठसठस या एका वाटणीतून आलेली आहे.

रशियाने सोडवलं, हे कुठलाही बल्गेरियन नाकारत नाही. पण सोडवणारा घरातच मुक्काम ठोकून बसला तर? नव्या संस्थानाच्या सैन्यात वरचे अधिकारी रशियन. युद्धमंत्री रशियन. राजा म्हणून बसवलेला अलेक्झांडर बातेनबर्ग हा जर्मन तरुण झारच्या नात्यातला. त्याने झारच्या मर्जीबाहेर काही करायचं नाही, अशी अपेक्षा.

आणि १८८५ च्या सप्टेंबरात प्लोव्हदिवच्या लोकांनी परस्परच पूर्व रुमेलिया बल्गेरियाला जोडल्याचं जाहीर केलं. झारला न विचारता! बातेनबर्ग घाबरला. स्तांबोलोव तेव्हा एकतीस वर्षांचा, संसदेचा अध्यक्ष. तिर्नोवोत राजाला गाठून त्याने सांगितलं की महाराज, तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. एक प्लोव्हदिवला जातो. दुसरा डॅन्यूबपलीकडून तुमच्या जर्मनीतल्या माहेरी. राजाने प्लोव्हदिवचा रस्ता धरला.

झारने चिडून आपले सगळे अधिकारी परत बोलावले. सैन्यात कॅप्टनच्या वरचा माणूसच जवळपास उरला नाही. ही संधी साधून सर्बियाने हल्ला केला, आणि नोव्हेंबरात स्लिव्नित्साला या कॅप्टनांनी सर्बियन जनरलांना हरवलं. बल्गेरियात आजही याला कॅप्टनांनी जिंकलेलं युद्ध म्हणतात.

झार विसरला नाही. २१ ऑगस्ट १८८६ च्या पहाटे रशियाधार्जिण्या अधिकाऱ्यांनी राजवाडा घेरला, पिस्तुलाच्या धाकाने राजाकडून राजीनामा लिहून घेतला आणि त्याला बोटीत घालून डॅन्यूबमार्गे रशियाच्या हद्दीत नेऊन सोडलं. राजधानी कटवाल्यांच्या हातात. स्तांबोलोव तिर्नोवोत होता. त्याच्याकडे फौज नव्हती, होतं फक्त संसदेचं अध्यक्षपद आणि तारयंत्र. मेहुणा सावा मुत्कुरोव प्लोव्हदिवच्या सैन्याचा प्रमुख. दोघांनी मिळून काही दिवसांत कट उलटवला आणि राजाला सन्मानाने परत आणलं.

आणि मग राजानेच कच खाल्ली. परतल्या परतल्या त्याने झारला तार केली: मुकुट रशियाने दिला होता, रशिया म्हणेल तेव्हा परत देतो. झारने अर्थातच परत घेतला. सप्टेंबरात राजा कायमचा गेला. ज्याच्यासाठी जीव धोक्यात घातला त्यानेच हात वर केले, त्या दिवशी स्तांबोलोवच्या मनाचं काय झालं असेल याचा मी अनेकदा विचार केलाय.

तीन जणांचं राजप्रतिनिधी मंडळ नेमलं गेलं, त्यात हा बत्तीस वर्षांचा माणूस प्रमुख. झारने जनरल काउलबार्स यांना पाठवलं. कटवाल्यांना सोडा, निवडणुका पुढे ढकला, अशा मागण्या. स्तांबोलोवने निवडणुका घेतल्या. काउलबार्स गावोगाव फिरले, लोकांनी त्यांना भर सभेत प्रश्न विचारून भंडावलं. नोव्हेंबरात रशियाने संबंध तोडले आणि सगळे वकील परत नेले. युद्ध येणार, असं सगळ्यांना वाटत होतं. आलं नाही.

आता राजा कुठून आणायचा? शिष्टमंडळ युरोपभर फिरलं. डेन्मार्कच्या राजपुत्राने नकार दिला. शेवटी सव्वीस वर्षांचा फर्डिनांड ऑफ सॅक्स-कोबर्ग तयार झाला आणि ऑगस्ट १८८७ मध्ये तिर्नोवोत त्याने शपथ घेतली. एकाही बड्या सत्तेने त्याला मान्यता दिली नाही. अशा राजाचा पंतप्रधान म्हणून स्तांबोलोवने १८८७ ते १८९४ अशी जवळजवळ सात वर्षं राज्य चालवलं. परकी वर्तमानपत्रं त्याला बल्गेरियाचा बिस्मार्क म्हणू लागली.

माझं मत आधीच सांगून टाकतो. उपकार आणि मालकी यांत फरक असतो, हे त्या काळात बाल्कनमध्ये ठामपणे सांगणारा आणि ते निभावून नेणारा हा माणूस होता. म्हणून मला तो मोठा वाटतो. त्याने काय काय वाईट केलं, तेही मला माहीत आहे. त्यावर बोलूच.

दर्यावर्दी

लेख फार आवडला. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात 'पौर्वात्य प्रश्न' म्हणून बर्लिनचा तह पाठ केला होता. त्या तहाखाली माणसं होती, हे आज कळलं. त्या सात वर्षांत त्याने प्रत्यक्ष केलं काय?

बाल्कनवाट

दर्यावर्दी, धन्यवाद. सर्वांत डोळ्यात भरतं ते मॅसेडोनियाचं प्रकरण. जुन्या क्रांतिकारकाने बंदूक बाजूला ठेवून सुलतानाशीच जमवून घेतलं. म्हणाला, तुमच्याशी आमचं भांडण नाही, फक्त तिथल्या बल्गेरियन प्रजेला त्यांचे बिशप द्या. १८९० मध्ये स्कोपिये आणि ओहरिदसाठी सुलतानाचे बेरात, म्हणजे सनदा, मिळाल्या. १८९४ मध्ये व्हेलेस आणि नेव्रोकोपसाठी. बिशप आला की त्याच्यामागे शाळा येते, शाळेमागे भाषा येते. बंडाने जे मिळालं नसतं ते त्याने अर्ज-विनंत्या आणि वेळ पडली तर दमदाटीने मिळवलं.

घरात बघायचं तर १८८८ मध्ये व्हिएन्ना ते इस्तंबूल रेल्वे सलग झाली, ती सोफियावरून जाते. त्याच वर्षी सोफियात उच्च शिक्षणाचा वर्ग सुरू झाला, त्याचंच पुढे सोफिया विद्यापीठ झालं. १८९२ मध्ये प्लोव्हदिवला पहिलं शेती-उद्योग प्रदर्शन भरलं. आणि राजधानीचे चिखलाचे रस्ते सरळ झाले ते त्याचा जिवलग दिमितर पेत्कोव महापौर असताना. हा पेत्कोव एका हाताचा होता. दुसरा हात शिपका खिंडीच्या लढाईत गेला होता.

काळी_शाई

धागाकर्ते, तुम्ही मनापासून लिहिलंय, म्हणून मीही मनापासून विरोध नोंदवते. तुम्ही 'हे गीत लक्षात ठेवा' म्हणालात. मी लक्षात ठेवलं, आणि म्हणूनच मला हा माणूस सहन होत नाही.

१८८७ च्या मार्चमध्ये रुसे इथे अधिकाऱ्यांचं बंड झालं आणि मोडलं. गोळ्या कोणाला घातल्या? ओलिम्पी पानोवला, ज्याने स्लिव्नित्साला तोफखाना सांभाळला. अतानास उझुनोवला, ज्याने त्याच युद्धात व्हिदिन राखलं. सव्वा वर्षापूर्वी ज्यांच्यामुळे देश वाचला तेच भिंतीशी उभे केले. नव्या राज्याला हे रक्त परवडणारं होतं का? कवी इव्हान वाझोव याच दहशतीच्या दिवसांत ओडेसाला निघून गेला आणि त्याची सर्वांत गाजलेली कादंबरी तिथे परक्या गावात लिहिली गेली.

निवडणुकांचं तर विचारूच नका. मतदान केंद्रावर सोपाजी उभे असत. सोपा म्हणजे सोटा. आपल्या तोपची, खजांची या शब्दांतला जो तुर्की 'ची', तोच यातला 'जी'. सोटेवाले. विरोधी मतदार आला की पाठीत सोटा. 'माणसाचे हक्क' लिहिणाऱ्याच्या राज्यात!

मुठाकाठ

काळी_शाई +१. सोपाजी शब्दाची फोड मस्त.

बाल्कनवाट

काळी_शाई, यातली एकही गोष्ट मी नाकारत नाही. उझुनोवच्या नावाशी मीही अडखळतो. तुम्ही सुरुवात केलीच आहे तर काळ्या मशिदीबद्दलही मीच सांगतो, कारण ती मी रोज पाहिली आहे.

सोफियातली ही मशीद सोळाव्या शतकातली. तुर्क गेल्यावर ती ओस पडली आणि तिचा तुरुंग केला गेला. स्तांबोलोवच्या काळात राजकीय कैदी तिथे असत. २७ मार्च १८९१ च्या संध्याकाळी स्तांबोलोव आणि अर्थमंत्री हृस्तो बेल्चेव दोघे सोफियात रस्त्याने चालत होते. झाडांआडून गोळ्या आल्या. अंधारात मारेकऱ्यांनी भलत्यालाच मारलं. बेल्चेव जागीच गेला, स्तांबोलोव वाचला. त्याची तरुण विधवा मारा बेल्चेवा पुढे नामवंत कवयित्री झाली.

त्यानंतर स्तांबोलोवचा तोल सुटला असं मला वाटतं. शेकडोंची धरपकड. संशयितांपैकी एकाचा भाऊ कोठडीतल्या छळाने मेला. १८९२ मध्ये चौघांना फाशी, त्यात स्वेतोस्लाव्ह मिलारोव हा लेखक होता. आणि पेत्को काराव्हेलोव! माजी पंतप्रधान, राजप्रतिनिधी मंडळात स्तांबोलोवच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस. त्याला पाच वर्षांची शिक्षा ठोकून काळ्या मशिदीत टाकलं. त्याची बायको एकातेरिना गप्प बसली नाही. तुरुंगातल्या छळाची हकीकत तिने परक्या वकिलातींपर्यंत पोचवली, तिच्यावरही खटला भरला गेला, पण ती सुटली.

तरी माझा एक प्रश्न उरतो. १८८६ चा कट, १८८७ ची बंडं, १८९० चा मेजर पानित्साचा कट, १८९१ च्या गोळ्या. दर वर्षी कोणीतरी सरकार उलथायला किंवा पंतप्रधानाला मारायला निघतंय, बऱ्याच वेळा बाहेरच्या पैशाने. अशा वेळी मऊ हाताने राज्य टिकलं असतं का?

काळी_शाई

नसतं टिकलं कदाचित. पण पानित्साचंच घ्या. सर्बियन युद्धातला शूर, मॅसेडोनियन लोकांचा लाडका. राजा सहीला कचरत होता, स्तांबोलोवने आग्रह धरून जून १८९० मध्ये त्याला गोळ्या घालायला लावल्या. पुढच्याच महिन्यात सुलतानाचे बेरात आले. तुम्ही ज्याला यश म्हणता त्या सनदांच्या आधी एक महिना पानित्सा मेला होता, आणि मॅसेडोनियन तरुण ते विसरले नाहीत. मऊ हात आणि कडक हात एवढे दोनच पर्याय नसतात. एकातेरिना काराव्हेलोवा कोणाच्या पैशाने बोलत होती?

बाल्कनवाट

हे मान्य. माझ्याकडे उत्तर नाही.

लेखणीबहाद्दर

दोघांचीही चर्चा वाचतोय, वाचनखूण साठवली. एक शंका. बल्गेरियाच्या एकीकरणाची तारीख कुठे ६ सप्टेंबर १८८५ दिसते, कुठे १८. खरी कोणती?

बाल्कनवाट

दोन्ही. बल्गेरियात १९१६ पर्यंत ज्युलियन पंचांग होतं. एकोणिसाव्या शतकात त्यात आणि आपल्या आजच्या कॅलेंडरात बारा दिवसांचा फरक. मी वर सगळीकडे आजच्या कॅलेंडरच्या तारखा दिल्यात. बल्गेरियात मात्र एकीकरणाची सुट्टी अजून ६ सप्टेंबरलाच असते.

मुठाकाठ

डोक्यावरच्या घावाची गोष्ट राहिली की.

बाल्कनवाट

हो, ती लिहायला मन धजत नव्हतं.

फर्डिनांडला स्थिर व्हायचं होतं. त्यासाठी लग्न, लग्नासाठी कॅथलिक घराण्याची मुलगी, आणि मुलीकडच्यांची अट की मुलं कॅथलिक राहतील. स्तांबोलोवने १८९३ मध्ये त्यासाठी घटनाच बदलून घेतली. तिर्नोवोचे महानगर-बिशप क्लिमेंट यांनी विरोधात प्रवचन दिलं तर त्यांना मठात डांबलं. म्हणजे राजासाठी त्याने ऑर्थोडॉक्स धर्मपीठाशीही वैर घेतलं. १८९४ च्या जानेवारीत राजपुत्र बोरिस जन्मला. वारस आला, गादी पक्की झाली, आणि राजाला आता पंतप्रधान जड वाटू लागला. मे अखेरीस स्तांबोलोवचा राजीनामा स्वीकारला गेला.

पुढचं वर्ष वाईट गेलं. एका जर्मन वर्तमानपत्राला त्याने फर्डिनांडबद्दल कडवट मुलाखत दिली, राजाच्या बदनामीचा खटला झाला. मालमत्तेवर टाच आली. मधुमेहाने गांजलेला होता, उपचारासाठी परदेशी जायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही.

१५ जुलै १८९५. संध्याकाळी आठच्या सुमारास तो आणि एक हाताचा पेत्कोव युनियन क्लबमधून निघून घोडागाडीत बसले. सोबत अंगरक्षक. राकोव्स्की रस्त्यावर मारेकरी धावून आले. स्तांबोलोव गाडीतून उतरून धावला. आत चिलखत घालतो अशी वदंता असल्याने त्यांनी अंगावर वार केलेच नाहीत, सगळे वार डोक्यावर. त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. हातांच्या चिंधड्या झाल्या. अंगरक्षक मारेकऱ्यांच्या मागे पळाला तर पोलिसांनी अंगरक्षकालाच धरलं. डॉक्टरांना हात कापावे लागले. १८ जुलैला तो गेला. वय एक्केचाळीस.

मारेकऱ्यांत मॅसेडोनियन होते, पानित्साचा सूड मनात धरलेले. फर्डिनांड तेव्हा कार्ल्सबादला हवापाण्यासाठी होता. त्याने पाठवलेलं सांत्वन स्तांबोलोवच्या बायकोने, पोलिक्सेनाने, स्वीकारलं नाही. अंत्ययात्रेतही विरोधकांच्या जमावाने धिंगाणा घातला. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत बोरिसचा ऑर्थोडॉक्स पद्धतीने पुन्हा बाप्तिस्मा झाला आणि रशियाने फर्डिनांडला मान्यता दिली.

पेत्कोव त्या रात्री वाचला. नंतर पंतप्रधान झाला आणि १९०७ मध्ये त्यालाही सोफियात रस्त्यातच गोळ्या घातल्या. त्याचा मुलगा पेत्को १९२४ मध्ये खुनात गेला. दुसरा मुलगा निकोला शेतकरी पक्षाचा नेता, कम्युनिस्टांनी त्याला १९४७ मध्ये फाशी दिली.

दर्यावर्दी

एका घरातले तिघे. वाचून सुन्न झालो.

काळी_शाई

हातांचं वाचून मलाही गलबललं. माझं मत बदललेलं नाही, पण ते डोकं एकदा बघायचं आहे. ऑक्टोबरात इस्तंबूलहून परतताना दोन दिवस सोफियात आहे. काळी मशीद अजून आहे का?

बाल्कनवाट

आहे, फक्त आता ती मशीदही नाही आणि तुरुंगही नाही. १९०३ पासून तिथे सात संतांच्या नावाचं चर्च आहे, स्वेती सेद्मोचिस्लेनित्सी. ते चर्च करण्यात पुढाकार घेतला खुद्द काराव्हेलोवने, म्हणजे त्याच भिंतींच्या आत कैदेत राहिलेल्या माणसाने. त्याची कबरही आवारातच आहे. बागेत बाकं आहेत, आजीबाई नातवंडांना घेऊन बसलेल्या असतात. आधी तिथे जा, तुम्हाला तेच आधी बघायला आवडेल.

बाहेर पडलात की समोर ट्रामचा रस्ता, ग्राफ इग्नातिएव. सान स्तेफानोचा तह घडवणाऱ्या रशियन वकिलाचं नाव. त्यावरून राकोव्स्की रस्त्याला लागा आणि सरळ चालत राहा, दहा-पंधरा मिनिटांत त्सार ओस्वोबोदितेल, म्हणजे मुक्तिदाता झार, या नावाचा हमरस्ता येतो. तिथेच कोपऱ्यावर क्रिस्टल बाग, शेजारी सोनेरी कळसांचं रशियन चर्च. डोकं झाडांखाली आहे, चटकन दिसत नाही. सकाळी गेलात तर उजेड बरा मिळेल.